केमोच्या जोडीला औषधी अळिंबीचा अर्क: विचारण्यापासून थांबवण्यापर्यंत

केमोची पहिली तारीख ठरली की घरात रिपोर्टच्या फायलीमागोमाग बाटल्याही येऊ लागतात. कुणी मायेने पाठवतं, कुणी ऑनलाइन मागवून थेट हातात ठेवतं. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांवर अळिंबीचं, म्हणजे मशरूमचं, चित्र असतं: रेशी, टर्की टेल, शिताके, मायटाके, चागा, कॉर्डिसेप्स. देणाऱ्याला ‘प्रतिकारशक्ती वाढते’ यापलीकडे फारसं माहीत नसतं. मग कुणी डॉक्टर रागावतील म्हणून गुपचूप घ्यायला लागतं, तर कुणी बाटली कपाटात ठेवून आपण काही चांगलं हातचं घालवतोय का, या विचाराने झुरत बसतं. मला पहिल्या प्रकाराची जास्त काळजी वाटते. अर्कापेक्षा तो लपवून घेणं जास्त धोक्याचं आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच बेतलेल्या आहेत.

हा लेख ज्याची केमो चालू आहे आणि चालूच राहणार आहे अशा माणसासाठी आहे. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बऱ्या होऊ शकणाऱ्या टप्प्यावर कॅन्सर सापडलेल्या आणि नेहमीच्या उपचारांसोबत पूरक उपचारही घेणाऱ्या 258 रुग्णांची तुलना त्यांनी इतर 1,032 रुग्णांशी केली. पूरक उपचार घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट निघाला. त्यांच्यातल्या जास्त लोकांनी शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन किंवा हार्मोनचे उपचार यांपैकी काहीतरी नाकारलेलं होतं, आणि ते नाकारणं हिशेबात धरल्यावर हा फरक उरला नाही. म्हणजे घात पूरक औषधाने केला नव्हता, सोडलेल्या उपचाराने केला होता. अर्क सुरू केल्यापासून ‘पुढची सायकल थोडी लांबवू या का’ असं मनात यायला लागलं, तर बाटली बाजूला ठेवा आणि डॉक्टरांशी त्या विचाराबद्दल बोला.

पुरावा नेमका कशाचा आहे

अळिंबीच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकान नावाच्या लांब साखळीच्या शर्करा असतात. आपल्या पांढऱ्या पेशींवर, विशेषतः मॅक्रोफेज आणि डेंड्रायटिक पेशींवर, डेक्टिन-1 नावाचा ग्राहक (रिसेप्टर) असतो. बुरशी शरीरात शिरली की ओळखता यावी म्हणून तो आहे. बीटा-ग्लुकान त्याला चिकटलं की त्या पेशी सावध होतात आणि पुढे इतर पेशींनाही जागं करतात. तोंडाने घेतलेल्या अर्काचं हे काम बरंचसं आतड्याच्या भिंतीतल्या प्रतिकार पेशींपाशी चालतं. अर्क थेट गाठीवर जाऊन कॅन्सरच्या पेशी मारतो ही समजूत प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतून आलेली आहे. बशीत मिळणारी मात्रा रक्तात पोहोचत नाही.

माणसांवरचा सर्वात भक्कम पुरावा टर्की टेलपासून काढलेल्या पीएसके या औषधाचा आहे. जपानने 1977 साली त्याला मान्यता दिली. जठराच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या 262 रुग्णांची एक चाचणी 1994 साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. केमोसोबत पीएसके घेतलेल्यांपैकी 73 टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते, नुसती केमो घेतलेल्यांपैकी 60 टक्के. पुढे 2007 साली जठराच्याच कॅन्सरवरच्या आठ चाचण्यांमधले 8,009 रुग्ण एकत्र मोजले गेले, तेव्हा मृत्यूचा धोका साधारण 12 टक्क्यांनी कमी दिसला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही जपानी चाचण्यांचा कल फायद्याकडेच होता.

हे आकडे बाटलीवर छापले जातात, त्यांच्यामागची परिस्थिती मात्र छापली जात नाही. बहुतेक रुग्णांची गाठ आधीच काढलेली होती. सोबतची केमो जुन्या पद्धतीची होती, मायटोमायसिन आणि फ्लुरोयुरॅसिल अशा औषधांची. आणि पीएसके हे ठरावीक वाणाच्या मायसेलियमपासून, म्हणजे बुरशीच्या तंतुजालापासून, ठरावीक पद्धतीने काढलेलं प्रमाणित औषध होतं. ‘टर्की टेल’ लिहिलेली कोणतीही कॅप्सूल म्हणजे पीएसके नव्हे.

बाकीच्यांचं चित्र फिकं आहे. शिताकेपासून काढलेलं लेंटिनान जपानमध्ये 1985 पासून जठराच्या कॅन्सरसाठी इंजेक्शन म्हणून वापरलं गेलं, पण नंतर एस-1 या केमोसोबत 309 रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याने आयुष्य वाढवलं नाही. कोक्रेन ही संस्था एका विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासते; रेशीवरच्या पाच चाचण्यांचा तिचा आढावा 2016 साली अद्ययावत झाला. त्यात केमो किंवा रेडिएशनसोबत रेशी घेतलेल्यांमध्ये उपचारांना प्रतिसाद जास्त दिसला, मात्र एकूण रुग्ण 373 आणि अभ्यासांचा दर्जा बेताचा. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये केमो-रेडिएशनचे दुष्परिणाम कमी करण्यासाठी टर्की टेलचा उपयोग तपासणाऱ्या 2022 च्या कोक्रेन आढाव्याने पुरावा फार अनिश्चित ठरवला. मी याचा अर्थ असा लावते: काही परिस्थितीत थोडी मदत शक्य आहे, चमत्कार कुठेच नाही. असं असेल तर सुरक्षिततेत थोडीही तडजोड परवडत नाही.

कोणी या वाटेला जाऊच नये

दात्याच्या मूलपेशींचं प्रत्यारोपण झालेल्यांनी अर्क घेऊ नये. प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनसारखी औषधं चालू असलेल्यांनीही नाही. ज्या पेशी मुद्दाम शांत ठेवल्या आहेत त्यांनाच हे डिवचतं. ल्युपस, संधिवाताभ (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस), क्रोन अशा स्वयंप्रतिकार आजारांतही तोच धोका. ल्युकेमिया आणि लिम्फोमात आजारच प्रतिकार पेशींचा असतो, तिथे रक्तरोगतज्ज्ञांनी होकार दिल्याशिवाय काहीही सुरू करू नका. पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब यांसारखी इम्युनोथेरपी चालू असेल तर मी अर्काला हात लावणार नाही. त्या औषधांचे गंभीर दुष्परिणाम प्रतिकारशक्ती अति जागी झाल्यामुळेच होतात, आणि तसं काही झालं तर दोष कोणाचा हे सोडवणं अशक्य होऊन बसतं.

रक्त पातळ करणारं वॉर्फरिन घेणारे, प्लेटलेट सतत कमी असणारे, यकृताची किंवा मूत्रपिंडाची तक्रार असणारे, बुरशीची ॲलर्जी असणारे, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं यांनीही दूर राहावं.

पायरी पहिली: कागद तयार करा आणि योग्य प्रश्न विचारा

एका कागदावर केमोच्या सगळ्या औषधांची नावं लिहा. त्याखाली मळमळीच्या गोळ्या, रक्तदाब, मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधं आणि जीवनसत्त्वं. शेवटी घ्यायचा विचार असलेल्या अर्काचं पूर्ण नाव, एका मात्रेत किती मिलिग्रॅम आणि घटकांची यादी. बाटलीचा चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

‘डॉक्टर, मी हे घेऊ का?’ असं विचारलं की गर्दीच्या ओपीडीत ‘नको’ हेच उत्तर येतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. त्याऐवजी असं विचारा: ‘माझ्या केमोतल्या कुठल्या औषधाला याचा त्रास होऊ शकतो? घ्यायचं ठरलं तर कुठल्या तपासणीवर लक्ष ठेवायचं? आणि कधी थांबवायचं?’ या प्रश्नांवर डॉक्टरांना विचार करावा लागतो. कॅन्सर विभागात क्लिनिकल फार्मासिस्ट असतील तर त्यांनाही कागद दाखवा. औषधांच्या आपसातल्या भानगडी त्यांना जास्त ठाऊक असतात.

भानगडी कुठे होतात याची कल्पना तुम्हालाही हवी. पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टिन, आयरिनोटेकॅन आणि इमॅटिनिबसारख्या गोळ्या यांची विल्हेवाट लावण्यात यकृतातल्या सीवायपी 3ए4 या एन्झाइमचा मोठा वाटा असतो. अर्काने एन्झाइम मंदावलं तर केमो जास्त विषारी होते, वेगावलं तर कमी पडते. शिताकेच्या मायसेलियमपासून बनवलेलं एएचसीसी प्रयोगशाळेत सीवायपी 2डी6 वाढवतं असं दिसलं आहे. टॅमॉक्सिफेनचं काम आणि मळमळीवरच्या ऑन्डॅन्सेट्रॉनचा निचरा याच एन्झाइमशी जोडलेला आहे. मायटाकेमुळे वॉर्फरिन घेणाऱ्या रुग्णाचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, वाढल्याची नोंद आहे. मायटाके साखरही उतरवतं, म्हणून मधुमेहाच्या औषधांसोबत जपून.

उत्तर ‘नाही’ आलं तर कारण विचारा आणि ऐका.

पायरी दुसरी: एकच अळिंबी निवडा

‘दहा अळिंब्यांची ताकद एका कॅप्सूलमध्ये’ असलं मिश्रण घेऊ नका. पुरळ उठलं, तपासणीत यकृताचे एन्झाइम वाढले, रक्त यायला लागलं, तर दहापैकी कोणामुळे हे कधीच कळणार नाही. अशा मिश्रणांत बऱ्याचदा क आणि ई जीवनसत्त्वंही घातलेली असतात. केमोच्या काळात मोठ्या मात्रेत अँटिऑक्सिडंट घेणं बहुतेक ऑन्कॉलॉजिस्ट नको म्हणतात.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला असेल तर माझी पहिली पसंती टर्की टेलला, कारण माणसांवरचा अनुभव त्याचाच सर्वात जास्त आहे. रेशी दुसऱ्या क्रमांकावर, पण प्लेटलेट आणि यकृत ठणठणीत असतील तरच. आणि रेशीची कच्ची पूड नको, गरम पाण्याने काढलेला अर्क हवा. रेशीच्या पुडीनंतर यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत, त्यातला एक रुग्ण दगावला. मायटाकेच्या बाबतीत ‘जास्त म्हणजे चांगलं’ हा हिशेब चालत नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांनंतर 34 स्त्रियांवर केलेल्या चाचणीत मात्रा वाढवत नेल्यावर प्रतिकारशक्तीचे काही निर्देशक वर गेले, काही खाली आले.

चागाबद्दल स्पष्टच सांगते: केमोच्या काळात नको. त्यात ऑक्झलेट भरपूर असतं. जपानमध्ये यकृताचा कॅन्सर असलेल्या 72 वर्षांच्या एका बाईंनी सहा महिने रोज चार ते पाच चमचे चागाची पूड घेतली आणि त्यांची मूत्रपिंडं ऑक्झलेटच्या स्फटिकांनी निकामी झाली. सिस्प्लॅटिनसारखी औषधं मूत्रपिंडांवर आधीच ताण टाकत असतात, त्यात ही भर कशाला? कॉर्डिसेप्सही प्लेटलेट कमी असताना टाळा.

पायरी तिसरी: बाटली वाचा

इथे घाई करू नका. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेशीच्या 19 उत्पादनांची तपासणी 2017 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा लेबलप्रमाणे खरी रेशी त्यातल्या फक्त पाचांत निघाली.

आधी पाहायचं, बाटलीत अळिंबीचा कुठला भाग आहे. प्रत्यक्ष छत्रीचा भाग आहे की मायसेलियम? मायसेलियम वाईट असतं असं नाही, पीएसके त्यापासूनच बनत असे. पण बऱ्याच कंपन्या ते तांदूळ किंवा ओट्सवर वाढवतात आणि धान्यासकट दळून कॅप्सूल भरतात. मग तुमच्या हातात अर्धाअधिक स्टार्च येतो. घरच्या घरी पडताळायचं तर एका कॅप्सूलची पूड पाण्यात उकळा, पूर्ण थंड होऊ द्या आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा-काळा रंग आला की त्यात धान्य आहे. तपासलेलं पाणी अर्थातच फेकून द्यायचं. रंग आला नाही म्हणून माल अस्सल ठरत नाही, एवढं लक्षात ठेवा.

दुसरं, ‘पॉलिसॅकराइड 40 टक्के’ या ओळीवर भुलू नका. पॉलिसॅकराइड म्हणजे कुठलीही लांब साखळीची शर्करा, आणि स्टार्चही पॉलिसॅकराइडच आहे. बीटा-ग्लुकानचा आकडा स्वतंत्र दिलेला हवा. तिसरं, काढण्याची पद्धत. अळिंबीची पेशीभित्तिका कायटिनची असते, ती आपल्याला नीट पचत नाही, आणि बीटा-ग्लुकान तिच्यात अडकलेलं असतं. ते गरम पाण्याने सुटतं. रेशीतले ट्रायटर्पीन नावाचे कडू घटक पाण्यात जवळजवळ उतरत नाहीत, त्यांना अल्कोहोल लागतं. पण अल्कोहोलमधले थेंब केमोच्या काळात मला पटत नाहीत. तोंड सोललेलं असेल तर ते आग आग करतात, आणि प्रोकार्बाझिन किंवा मेट्रोनिडाझोल चालू असेल तर अल्कोहोल घ्यायचंच नसतं.

चौथी गोष्ट सर्वात महत्त्वाची: त्याच बॅचचा बाहेरच्या प्रयोगशाळेतला अहवाल. अळिंबी ज्यावर वाढते त्यातलं शिसं, आर्सेनिक, कॅडमियम आणि पारा ओढून घेते, म्हणून या चारही धातूंचे आकडे हवेत. जोडीला जंतू आणि बुरशी यांची मोजणी. निरोगी माणसाला थोड्याफार जंतूंनी काही होत नाही, पण पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या माणसासाठी तो संसर्गाचा उघडा दरवाजा आहे. कंपनीला मेल करून अहवाल मागा. दिला नाही तर माल घेऊ नका. रानातून तोडून आणलेली किंवा सुटी पूड तर कुणी फुकट दिली तरी नको.

पायरी चौथी: सुरुवात कधी आणि किती

पहिल्या सायकलमध्ये अर्क सुरू करू नका. नुसत्या केमोने तुमचं शरीर कसं वागतं, थकवा कितव्या दिवशी येतो, जुलाब होतात का, प्लेटलेट किती उतरतात, हे आधी कळू द्या. ही पाटी कोरी नसेल तर पुढे काहीच वाचता येणार नाही. सुरू करण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृताची तपासणी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) यांचे आकडे लिहून ठेवा.

बऱ्याच केमोंमध्ये पांढऱ्या पेशी सातव्या ते चौदाव्या दिवसांत तळ गाठतात. म्हणून नवीन काही सुरू करायचं तर त्या पेशी परत वर आल्यावर, पुढच्या इन्फ्युजनच्या, म्हणजे शिरेतून केमो देण्याच्या, आधीच्या शांत दिवसांत. पहिले तीन दिवस लेबलवरच्या मात्रेच्या पाव भाग, जेवणानंतर. त्रास झाला नाही तर अर्धी, मग पूर्ण. पीएसकेच्या चाचण्यांमधली नेहमीची मात्रा दिवसाला 3 ग्रॅम होती, तिच्यापलीकडे स्वतःच्या मनाने जाऊ नका. इन्फ्युजनच्या आगेमागे काही दिवस अर्क बंद ठेवा असं काही डॉक्टर सांगतात, आणि तसं सांगितलं तर कॅलेंडरवर त्या दिवसांवर काट मारा. कॅपेसिटाबिन किंवा इमॅटिनिबसारख्या तोंडावाटे घ्यायच्या गोळ्या सलग चालू असतात, तिथे अशी फट मिळत नाही. त्यामुळे त्या रुग्णांनी फार्मासिस्टशी बोलणं आणखी गरजेचं.

कुठल्याही शस्त्रक्रियेच्या, बायॉप्सीच्या किंवा दात काढण्याच्या आधी साधारण दोन आठवडे अर्क बंद करा आणि तसं सर्जनना सांगा.

पायरी पाचवी: वही

रोज चार ओळी पुरतात: केमोचा कितवा दिवस, अर्काची मात्रा, ताप, आणि भूक-शौच-थकवा. प्रत्येक रक्ततपासणीचे आकडे तारखेसह. दोन सायकलनंतर वही घेऊन बसा आणि पहिल्या सायकलशी ताडून पाहा. काहीच फरक नसेल तर बंद करण्यात कमीपणा नाही. ते पैसे अंडी, दूध, डाळ अशा प्रथिनांवर खर्च करणं जास्त शहाणपणाचं, कारण केमोत वजन टिकवणं हेच मोठं काम असतं.

फसवी लक्षणं आणि थांबण्याची वेळ

काही लक्षणं केमोची आणि अर्काची अगदी सारखी दिसतात. पीएसके घेणाऱ्यांमध्ये नखं आणि शौच काळसर होऊ शकते. डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइडनेही नखं काळी पडतात, ते चालतं. पण काळं शौच म्हणजे पोटातला रक्तस्रावही असू शकतो, त्यामुळे अर्काचा रंग असेल असं समजून गप्प बसू नका, त्याच दिवशी कळवा. कच्ची किंवा अर्धकच्ची शिताके खाल्ल्यावर अंगावर चाबकाचे फटके मारल्यासारखे लाल वळ उठतात. अगदी तसेच वळ ब्लिओमायसिनने उठतात. डॉक्टरांना शिताकेचं माहीत नसेल तर दोष ब्लिओमायसिनवर जाईल आणि गरजेचं औषध विनाकारण थांबेल. ट्युमर मार्करचंही, म्हणजे कॅन्सरचा माग ठेवायला रक्तात मोजल्या जाणाऱ्या खुणांचंही, तसंच. रेशीच्या बीजाणूंची पूड घेणाऱ्या पाच रुग्णांमध्ये सीए 72-4 हा मार्कर वाढलेला आढळल्याची नोंद आहे, म्हणजे कॅन्सर वाढल्याचा खोटा धसका. मार्कर अचानक उसळला तर बाटलीची आठवण डॉक्टरांना करून द्या.

अर्क लगेच बंद करून हॉस्पिटलला फोन करायचा तो अशा वेळी: ताप 38 अंश सेल्सिअस किंवा वर, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंगावर निळे-लाल ठिपके, डोळे पिवळे, लघवी गडद, खाज, श्वास लागणं, ओठ सुजणं, थांबत नाहीत असे जुलाब. ताप असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. पांढऱ्या पेशी कमी असताना आलेला ताप काही तासांत जीवघेणा होतो, आणि ‘अर्काने प्रतिकारशक्ती वाढली आहे’ या भरवशावर सकाळची वाट पाहणारा माणूस मला डोळ्यांसमोर दिसतो. पांढऱ्या पेशी वाढवायला डॉक्टरांनी फिलग्रॅस्टिमचं इंजेक्शन लिहून दिलं असेल तर त्याची जागा कुठलीच अळिंबी घेत नाही.

जेवणातल्या अळिंबीची भाजी मात्र वेगळी. नीट धुऊन पूर्ण शिजवलेली असेल तर खुशाल खा. सॅलडमधली कच्ची नको, फ्रीजमध्ये दोन दिवस पडलेलीही नको.

केमो संपली की अर्क आपोआप पुढे चालू ठेवू नका. शेवटच्या सायकलनंतरच्या पहिल्या भेटीत तोच कागद पुन्हा काढा, पुढच्या गोळ्यांची नावं त्यात भरा आणि तेच प्रश्न परत विचारा. बाटलीचे फोटो आणि वहीची पानं रिपोर्टच्या फायलीत पुढेच लावून ठेवा, म्हणजे अचानक इमर्जन्सीत जावं लागलं तर ड्युटीवरच्या डॉक्टरांच्या ती आधी नजरेला पडतील.